सात नावांचा एक डोंगर

काल दुपारी पुन्हा शेंगा वाजल्या. हिवराच्या शेंगा झाडावरच वाळतात, आणि वैशाखात वारा सुटला की त्यांचा खुळखुळाट डोंगरावरून थेट आमच्या ओसरीपर्यंत येतो. मी भाजी निवडत होते, तो हात थांबला. माझ्या गुडघ्यांनी दोन वर्षांपूर्वीच डोंगर चढायचा राजीनामा दिलाय, कानांनी अजून दिलेला नाही. यंदाही पावसाने पाठ फिरवली, टँकर सुरू झालाय, विहिरीत बादली आपटते तेव्हा खडकाचा आवाज येतो. तरी शेंगा वाजल्या की मला उगाचच ताठ बसावंसं वाटतं. घरातले हसतात. हसोत बापडे.

माझं माहेर तलवाड्याचं. गेवराई तालुक्यातलं मोठं गाव, कालव्याचं पाणी, ऊस, कापूस. हिरवं म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. लग्न होऊन शिरूर कासारच्या बाजूच्या या गावी आले तेव्हा डोंगराकडे बघून नवऱ्याला म्हटलं, "हे काय, नुसते काटेच की!" उत्तर आलं ते सोजरआत्याकडून. नवऱ्याची चुलत आत्या, चाळीस मेंढरांची मालकीण, भिंतीला भिंत लागून राहणारी. म्हणाली, "काटं हायती म्हून तर ऱ्हायली ती झाडं. न्हाई तर तुज्यावानी पान्याच्या गावच्यांनी कवाच चुलीत घातली असती." मीही तशी भांडखोर. पुढे आमची गट्टी जमली ती त्याच भांडणावर.

आमच्या गावात दोन तऱ्हेची घरं. दिवाळी झाली की कोयते घेऊन ऊसतोडीला जाणारी, आणि मेंढरांमागे इथेच राहणारी. मेंढरंवाल्यांची सहकारी संस्था होती. एक खोली, लोकर तोलायचा काटा, भिंतीला टांगलेल्या कात्र्या, एक लोखंडी कपाट. मी बारावी झालेली आणि अक्षर बरं, म्हणून चेअरमन नारायणतात्यांनी मला सचिव केलं. लोकरीची विक्री बघायची आणि ठरावाची वही लिहायची, एवढंच काम.

त्या वहीत दर वैशाखात एक ठराव यायचा. लांब काठीला लोखंडी वाकडं टोक बांधलं की झाली आकडी. तिने फांदी ओढून हलवली की शेंगा पडतात. पण आमच्या डोंगरावर मनाला येईल तेव्हा आकडी लावता येत नाही. आधी आपोआप गळालेल्या शेंगा मेंढरांनी खायच्या. मग संस्थेची बैठक बसते आणि एकेका टापूची पाळी ठरते. पायथ्याच्या शेंगा आधी वाळतात, माथ्याच्या मागून. म्हणून पहिला वाघदरा, मग तांबडी टेप, मग शेळकीचा माळ, असं करत सातवी पाळी म्हातारीच्या पाठीची. "आपल्या डोंगरावरील हिवरास आकडी लावण्याची पाळी पुढीलप्रमाणे," हे वाक्य माझ्या आधीच्या दोन सचिवांनी लिहिलं आणि मीही लिहीत राहिले. खाली थोड्या सह्या, पुष्कळ अंगठे. तेच तेच लिहून मला कंटाळा यायचा. तात्यांना मी एकदा म्हटलंही, की या ठरावाचा रबरी शिक्काच करून घ्या.

मग तो उन्हाळा आला.

आठवणींना क्रम नसतो. त्या उन्हाळ्याचं नाव काढलं की मला आधी वास येतो. वाळक्या शेंगांचा गोडसर, धुळकट वास, जुन्या गुळाच्या ढेपेजवळ येतो तसा. मग मेंढरांच्या दातांखालचा कुरकुर आवाज. मग घागरींची रांग, आणि रांगेत बसून बायकांनी एकमेकींच्या डोक्यातल्या उवा मारताना काढलेली सगळ्या गावाची उणीदुणी. गवताची काडी नव्हती. जवळच्या चारा-छावणीत गाईबैलांना दावण मिळाली, मेंढरांना नाही. तात्या विचारायला गेले तर तिथला माणूस म्हणाला, शेळ्यामेंढ्यांचं यादीत नाही. त्या वर्षी मेंढरं जगली असतील तर ती हिवराच्या शेंगेवर. हे मी नाट्यमय करून सांगत नाही. दुसरं काही नव्हतंच.

गुढीपाडव्याच्या आसपास ट्रॅक्टर भरभरून ऊसतोडीचे लोक परतले, आणि त्याच आठवड्यात हिवरांच्या बुंध्यांवर लाल पट्टे दिसले. चौकशी केली तेव्हा कळलं, की सरकारी जंगलाच्या जमिनीवर दुष्काळ हटवायची योजना आली आहे. जुनी काटेरी झाडं काढायची, यंत्राने चर मारायचे, झटपट वाढणारी एकाच जातीची रोपं लावायची आणि काही वर्षं डोंगर चराईला बंद ठेवायचा. कागदावर वाचली तर कुणीही टाळ्या वाजवाव्यात अशी योजना. सूचना पौषातच चावडीच्या फळ्यावर लागली होती, अर्धं गाव उसाच्या फडात असताना. उरलेल्यांपैकी ज्यांना वाचता येत होतं त्यांत मी होते. रोज त्या फळ्यासमोरून जात होते, आणि एकदाही मान वर करून बघितलं नव्हतं. त्याची लाज मला अजून वाटते.

माहितीच्या अधिकारात आम्ही कागद मागवले. संस्थेच्या खोलीत दहाबारा माणसं बसली आणि मी मोठ्याने वाचायला लागले. एक नव्हे, सात कागद होते. काम पहिलं, वाघदरा. काम दुसरं, तांबडी टेप. दाराशी बसलेली सोजरआत्या एकदम खुलली.

"आगं, ही तर मी सांगितल्याली नावं!"

मोजणीला आलेला एक तरुण अधिकारी आदल्या आश्विनात तिच्याकडे उतरला होता. तिने त्याला भाकरी आणि जवसाची चटणी खाऊ घातली आणि दोन दिवस डोंगरभर फिरवलं. कुठला उतार कुठल्या नावाचा, कुठे उंबरझऱ्याचं पाणी निघतं, कुठे कोणाची मेंढी व्याली, सगळं सांगितलं. जन्मात पहिल्यांदा कुणी साहेब तिचं बोलणं लिहून घेत होता. शेवटी त्याने नकाशाच्या कोपऱ्यात तिचा अंगठा घेतला. तो अंगठा आता माझ्या हातातल्या कागदावर होता, "स्थानिक रहिवाशांनी दाखविल्याप्रमाणे" या ओळीखाली.

मी पुढे वाचलं. सातही कागदांच्या तळाशी एकच वाक्य होतं: सदर काम ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा लहान असल्याने पर्यावरणाच्या पाहणीतून सूट देण्यात येत आहे.

"म्हंजी कसं?" तात्यांनी विचारलं.

मला जेवढं उमगलं तेवढं मी सांगितलं. मोठं काम असेल तर आधी पाहणी करावी लागते, झाडं-पाणी-जनावरं बघावी लागतात, गावाला बोलवून विचारावं लागतं. लहान कामाला ते माफ आहे. अख्खा डोंगर एका कामात घेतला असता तर माफी मिळाली नसती. म्हणून त्याचे सात डोंगर केले होते.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "म्हातारीला नावं सांगायची लई हौस!" आत्या उठली. दारात थांबून एवढंच म्हणाली, "म्हंजी मीच कापून दिला व्हय डोंगर?" त्या दिवशी तिच्या घरातून धूर निघाला नाही. मी भाकरी घेऊन गेले तर तिने ती कुत्र्याला टाकली आणि मला म्हणाली, "सूनबाई, वकील बघ."

बीडचे काझी वकील हे एक वेगळंच पात्र होतं. जुनी स्कूटर, कडक इस्त्री, आणि डोंगर चढतानाही पॉलिश केलेले बूट. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बोट नाचवत म्हणाले, "सूट लहान कामाला असती बाई. मोठ्या कामाचे तुकडे करून हरेक तुकड्याला सूट घेतली, तर ती सूट न्हाई, पळवाट हाय. आपन झाडं तोडू नका म्हून रडायचं न्हाई. आपन ह्या सूट देण्यालाच आव्हान देऊ." मग त्यांचं बोट खाली आलं. "फक्त हा अंगठा लई वाईट ठिकाणी पडलाय."

मी त्यांच्यापुढे ठरावाच्या वह्या ठेवल्या. कशासाठी ठेवल्या हे तेव्हा मलाही नीट माहीत नव्हतं. कपाटात दुसरं काही नव्हतं म्हणून ठेवल्या म्हणा. त्यांनी चष्मा लावला. चहा आला, थंड झाला. ते पानामागून पान उलटत होते.

"ह्ये कुणी लिवलंय?"

"मी. आणि माझ्या आधीच्यांनी."

"लई कंटाळवाणं लिवलंय बाई," ते म्हणाले. "एक अक्षर न्हाई बदललं. असंच पायजे व्हतं." आणि त्यांनी दाराशी बसलेल्या आत्याकडे वळून वही पुढे केली. "आत्या, तुमचा एक अंगठा तिकडं हाय. इकडं बघा, किती हायेत ते. दर साली सातही नावं एकाच डोंगराखाली, आन खाली तुमीच."

आत्याने त्या अंगठ्यांवरून हळूहळू हात फिरवला. कपिलधारच्या देवाला नवस बोलू या, असं शेजारणींनी तिला सुचवलं होतं. तिने साफ नाही म्हटलं होतं. "ह्या साली द्येवाचाच धबधबा आटलाय, तेला कशाला तरास? आपन कोर्टातच बघू."

अर्ज औरंगाबादच्या कोर्टात दाखल होईपर्यंत तांबडी टेपेवर यंत्र चढलंच. ताज्या कापलेल्या लाकडाचा वास गावात आला तेव्हा माणसं धावली. कोर्टाने काम थांबवलं, पण तोवर काही हिवर आडवे झाले होते. त्या खोडांवर मुंग्या चढताना मी बघितल्या आहेत. मेंढरं त्या पडलेल्या फांद्यांवरच्या कच्च्या शेंगा खात होती, आणि त्यांना हाकलायचं कुणाच्या जिवावर येत नव्हतं.

त्यानंतरचे दिवस सगळ्यांत वाईट होते. मेंढरांच्या फासळ्या दिसायला लागल्या. गळालेल्या शेंगा पुरेनात आणि पाळी सुरू व्हायला अजून अवकाश होता. एके सकाळी पाचसहा जण आकड्या घेऊन निघाले. हिशोब सरळ होता: झाडं जाणारच असतील तर आपणच ओरबाडून घेऊ. वाघदऱ्याच्या तोंडाशी सोजरआत्या वाटेत बसली होती. तिची मेंढरं मागे, त्यांचीही पोटं खपाटीला गेलेली.

"उठ आत्या," त्यातला एक म्हणाला.

"न्हाई उठत. ठराव झाला का?"

"कसला ठराव घेऊन बसलीस? मेंढरं मराया लागली!"

"माजी काय बंगल्यात हायती? माजी बी मराया लागली. पर आज तू आकडी लावली, की ती वही खोटी झाली. मंग कोर्टाला काय दाखवू, माजं तोंड?" आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "येकदा माज्या हातनं डोंगराचं वाटोळं झालंय. दुसऱ्यांदा नगा होऊ देऊ रं बाळांनो."

ते परत फिरले. त्यांतल्या दोघांची मिळून सात मेंढरं त्या आठवड्यात दगावली. आत्याची तीन. आपल्याच नियमाखातर उपाशी राहणं ही काय चीज असते ते मी तेव्हा बघितलं. त्याआधी माझ्यासाठी ठराव म्हणजे कागद होता.

कोर्टाने पाहणीला एक कमिशनर पाठवले. बारीक अंगाचे, टोपी घातलेले, कमी बोलणारे वयस्क गृहस्थ. बरोबर योजनेचे साहेब, काझी वकील, संस्थेचे लोक. पहिल्या दोन कामांच्या मध्ये योजनेने आकडे घातलेले दगड रोवले होते. आत्या मेंढरं घेऊन पुढे निघाली आणि दगड आला तरी मेंढरं चालतच राहिली.

"आजी, इथे वाघदरा संपतो ना? जरा थांबवा त्यांना," कमिशनर म्हणाले.

"कशापाशी थांबवू सायेब? मेंढराला दगूड वाचता येत न्हाई."

मी हसू दाबलं. काझी वकिलांनी दाबलं नाही. मेंढरं एकामागून एक सातही कामं ओलांडत गेली आणि ऊन चढता चढता माथ्यावरून परत उतरून उंबरझऱ्यावर येऊन थांबली. झरा कागदावर चौथ्या कामात होता. सगळा डोंगर तिथे पाणी पितो. त्या उन्हाळ्यातही कपारीतून बोटाएवढी धार चालू होती. कमिशनर खाली बसले, टोपी काढली, ओंजळ भरून प्यायले. मग झाडांकडे बघत विचारलं, "मेंढ्या इतक्या खंगल्यात, आणि वर झाडांवर शेंगा लगडल्यात. कुणी तोडल्या कशा नाहीत?"

"अजून पाळी आली न्हाई," आत्या म्हणाली.

त्यांनी ते लिहून घेतलं. कुठल्या शब्दांत ते मला माहीत नाही, पण पेन बराच वेळ चाललं. मग त्यांनी तो अंगठ्याचा नकाशा काढला आणि विचारलं, ही सात नावं तुम्हीच सांगितली ना? आत्याचा चेहरा उतरला. क्षणभर मला वाटलं, आता ही रडणार. पण तिने जवळची मेंढी कानाला धरून ओढली.

"व्हय, मीच सांगितली. ह्यो मेंढीचा कान, ही कास, ह्ये शेपूट. नावं निराळी हायती म्हून काय सात मेंढ्या व्हत्यात का सायेब? आन कास कापून न्हेली तर बाकीची मेंढी ऱ्हाती का?"

कोर्टात आम्ही दोघीही गेलो होतो. पहाटेची एसटी, आत्याच्या पदरात बांधलेली भाकरी, वर गरगरणारे पंखे, आणि खाली माझ्या बारावीच्या इंग्रजीला झेपणार नाही असं बोलणं. समोरचे वकील पुन्हा पुन्हा अंगठा दाखवत होते. काझी वकिलांनी वही उघडली आणि एका सालाचा ठराव मराठीतच वाचून दाखवला. आमच्या खोलीत, कात्र्यांच्या खाली बसून लिहिलेलं माझं वाक्य त्या उंच छताखाली ऐकलं आणि माझ्या अंगावर काटा आला. एवढी कंटाळवाणी ओळ, आणि किती खरी! आत्या कानाशी लागून विचारत होती, "काय म्हनत्यात? काय म्हनत्यात?" मला तेवढं "वन हिल, वन हिल" असं ऐकू आलं, ते मी तिला सांगितलं.

पुढचं सगळं आता गावाच्या अंगवळणी पडलंय. पाहणी झाली, रीतसर. झाडं मोजणारी पोरं आली, त्यांच्या पुढे आत्या. जनसुनावणी पाडव्यानंतर झाली, ऊसतोडीचे लोक घरी असताना. हिवर जागेवर राहिले, त्यांच्यामधून हाताने चर खणले गेले, रोपंही लागली, पण इथलीच: धावडा, बोर, सीताफळ. आम्हीच लावली. मोजणीचा तो तरुण अधिकारी एकदा येऊन आत्याच्या पाया पडून गेला. तिने त्याला पुन्हा चटणीभाकरी घातली, अंगठा मात्र दिला नाही. चार वर्षांपूर्वी ती गेली. डोंगर बंद ठेवायची वेळ येते तेव्हा आता एकेक टापू पाळीने बंद होतो, आणि ती पाळी संस्था ठरवते. वही सध्या दुसरी मुलगी लिहिते. तिला मी बजावलंय, की एक अक्षर बदलायचं नाही.

पण मला त्या हंगामातला एकच दिवस पुन्हा मिळणार असेल तर निकालाचा मागेन. ज्येष्ठ लागला होता. पाळी उंबरझऱ्यापर्यंत आली होती आणि संस्थेच्या खोलीत माणूस मावत नव्हता. काझी वकिलांचा फोन आला तेव्हा मी तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. ते कोर्टातूनच बोलत होते, मागे गलका होता. इंग्रजी वाचून मराठीत सांगता सांगता त्यांची त्रेधा उडत होती. सातही कामांची सूट रद्द. तुकडे करून पाहणी टाळता येणार नाही. आधी अख्ख्या डोंगराची पाहणी, आधी गावाचं म्हणणं, मग काय ते काम. तोवर योजनेवाल्यांनी एका फांदीलाही हात लावायचा नाही.

सगळे दाराकडे, आत्याकडे बघत होते. ती उभी होती, काठीवर दोन्ही हात ठेवून. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायची तिला शुद्ध नव्हती. ती फोनपाशी आली, वाकली आणि मोठ्याने विचारलं,

"वकीलसायेब, म्हंजी डोंगूर येकच हाय?"

"येकच हाय, आत्या! हायकोर्टानं लिवून दिलंय!"

"मंग येवढं सांगायला तेंला उन्हाळाभर कशाला लागला?"

वकील तिकडे हसत सुटले, आणि इकडे खोली फुटली. ज्याने हौशीवरून आत्याला टोमणा मारला होता त्यानेच तिला उचलून खांद्यावर घेतलं. ती त्याच्या पाठीत काठीने मारत होती, शिव्या देत होती, रडत होती, हसत होती. नारायणतात्यांसारखा धीराचा माणूस कपाटाला कपाळ टेकून हुंदके देत होता. मी तर जोरजोरात रडले, आणि त्याची मला कसली लाज नाही. बाहेर मेंढरं ताटकळली होती. आत्याने खाली उतरून लुगडं झाडलं, "चला, त्यांना काय कोर्टाचं?" म्हणाली आणि भर दुपारच्या उन्हात मेंढरं डोंगराकडे वळवली. तिच्यामागे सगळं गाव चढलं, ज्यांच्याकडे एक मेंढरू नव्हतं तेही.